खंडेनवमीला मी बंद पडलो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उमरग्याबाहेर हमरस्त्याला लागून रेवणप्पांचं शेतीअवजारांचं वर्कशॉप आहे. तिथं पत्र्याच्या आडोशाला माझं बिऱ्हाड आहे. माझ्या नाकातोंडात लोखंडाचा कीस जातो आणि जवळून ट्रक गेला की माझा पडदा थरथरतो. पण मी तक्रार करत नाही. निदान फारशी करत नाही.

सोलापूरच्या एका दुकानात मला जोडलं आणि तिथून मी एका शाळेत गेलो. पहिल्या वर्षीचा माझा थाट काय सांगू! मुलं चपला बाहेर काढून माझ्या खोलीत यायची. पाहुणे आले की मुख्याध्यापक आधी मला दाखवायचे, मग वर्ग. पुढं नवे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तीन वर्षं मी फाटक्या नकाशांखाली पडून होतो. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय?

शाळेनं भंगार काढलं तेव्हा रेवणप्पांची सून शुभांगी मला घरी घेऊन आली. यंत्रांचे आराखडे काढायचं शिक्षण तिनं आयटीआयमध्ये घेतलं आहे. तिनं मला उघडून ब्रशनं धूळ झाडली, पंख्याला तेलाचा थेंब दिला आणि मी पुन्हा माणसांत आलो.

माझी एक खोड मात्र गेली नाही, ती लपवत नाही. काम सेव्ह करायला सांगितलं की मी दोन-दोन मिनिटं गप्प बसायचो. शुभांगी कंटाळायची आणि म्हणायची, "एकदाच करू शेवटी." ही वाईट सवय तिला मीच लावली.

शुभांगीच्या सासूबाई, रुद्रम्मा, दरवर्षी हरभरा टोकताना, एकेक दाणा हातानं मातीत घालताना, दिवसभर वाकून असायच्या. संध्याकाळी भिंतीला धरल्याशिवाय त्यांना सरळ उभं राहता यायचं नाही. शुभांगीला ते बघवत नसे. धाराशिवच्या एका संस्थेत ती अवजारांच्या कार्यशाळेला जात होती आणि तिथं प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. तिनं उभ्यानं ढकलायचं टोकण यंत्र निवडलं. ज्यांचा आराखडा पसंत पडेल, त्यांना संस्था यंत्र बनवून देणार होती. रेवणप्पांनी लाकडाचा नमुना केला. त्याची मापं घेऊन शुभांगी माझ्यावर आराखडा काढत होती. तो ऑनलाइन पाठवायची शेवटची वेळ होती खंडेनवमीला संध्याकाळी पाच.

खंडेनवमीला रेवणप्पा हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, पूजा करतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. चाळीस वर्षांचा नेम आहे.

"मामा, मग कंप्यूटरचं काय?" शुभांगीनं विचारलं.

रेवणप्पांनी जरा विचार केला. "ते हत्यार न्हाय. लिखापढीचं सामान हाय ते. तू कर काम."

सकाळी सातपासून ती कामाला बसली. सगळी मापं तिनं आदल्या दिवशीच घेऊन कागदावर लिहिली होती. एकेक माप माझ्यात भरलं की कागदावरच्या त्या आकड्यावर ती काट मारायची, आणि कागद संपला तसा बोळा करून चुलीत टाकूनही दिला. बाराच्या सुमारास रुद्रम्मा पूजेचं तबक घेऊन आल्या.

"ह्यानं बी लई काम केलंय. ह्यालाच का कोरडं ठेवायचं?" असं म्हणून त्यांनी मला कुंकू लावलं आणि झेंडूची जाड माळ माझ्या अंगावर घातली.

मित्रांनो, शाळेतल्या थाटातही मला कुणी माळ घातली नव्हती. मी हरखून गेलो. माळ पाठीवर उतरली, पंख्याची जाळी बुजली, तरी मला भान नव्हतं. साडेबाराला मी तापून बंद पडलो.

शुभांगीनं मला पुन्हा सुरू केलं, तर आराखड्याचा काल सेव्ह केलेला नुसता सांगाडाच उरला होता. बियांची चकती, तिची भोकं, चाकाचं माप, सकाळपासूनचं सगळं गेलं होतं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला, गरम झालेली माळ हाताला लागली आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिनं माळ हलकेच काढली आणि पडद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी लावली. मग पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मला माझी फार लाज वाटली.

रेवणप्पा दारातून हे बघत होते. ते पाटाजवळ गेले, वाकून नमस्कार केला, मापं घ्यायचं कॅलिपर उचललं आणि त्यावरचं कुंकू धोतरानं पुसलं.

"मामा, आज हत्याराला..."

"देवाला म्या सांगतो. तू लिही."

लाकडी नमुना मांडीवर घेऊन ते एकेक माप सांगू लागले. प्रत्येक मापानंतर विचारायचे, "ठेवलं का?" मी दोन मिनिटं गप्प बसायचो आणि तीही दोघं शांत बसायची. घड्याळ पुढं चाललं होतं, तरी माझ्यावर कुणी एकदाही खेकसलं नाही. इतकी धीराची माणसं मी शाळेतही पाहिली नव्हती. पाचाला दहा मिनिटं असताना आराखडा गेला.

तेवढ्यात रुद्रम्मा आल्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी भीत भीत विचारलं, "कंप्यूटर बंद पडलं म्हनं. माझ्या हातनं काय झालं का गं?"

"न्हाय आत्या," शुभांगी म्हणाली. "जुनं हाय ते. दमलं."

"व्हय, खटाराच हाय," रेवणप्पांनीही री ओढली.

आराखडा पसंत पडला. यंत्र आलं आणि यंदा रुद्रम्मांनी उभ्यानं हरभरा टोकला.

मित्रांनो, काम घडोघडी सेव्ह करत जा. आमच्या पाठीचा पंखा मोकळा ठेवा आणि आम्हा जुन्यांना दोन मिनिटं उसंत द्या. आणि कधी उमरग्याला आलात, तर रुद्रम्मांना माळेचं काही सांगू नका. त्यांना अजून वाटतं की मी दमलो होतो. माझ्यावर आजवर आलेला हा एकच आळ आहे, जो मला जन्मभर बाळगावासा वाटतो.