फुलसिंगचं दुखणं

लालसिंगची लघवी तुंबली ती अमावस्येच्या आदल्या दिवशी. वर्षभर थेंब थेंब चाललं होतं, धोतर ओलं व्हायचं. पण तो कुणाला बोलला नव्हता. पंचांत बसायची वेळ आली की मुद्दाम कडेला बसायचा. आता बेंबीखालचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं आणि थेंबही येईना.

तांड्यानं लगेच मिराबाईकडं बोट दाखवलं. तीन वर्षांमागं तिचा नवरा फुलसिंग असाच पोट फुगून मेला होता. तिनं काहीतरी चारलं, ती डाकीण आहे, असं ठरवून पंचांनी तिला नाल्यापलीकडं काढलं होतं. फुलसिंग लालसिंगचा लंगोटीयार. म्हणून तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला होता.

पोरगा नेमसिंग बापाला छकड्यात घालून कुरुंद्याच्या भगताकडं निघाला. भर दुपारी बैलांना पाणी पाजायला त्यानं ओढ्यापाशी छकडा थांबवला. लालसिंग कण्हत बांधाआड जाऊन बसला. काही होईना.

तेवढ्यात शेजारी धार वाजू लागली. जवान माणसाची असावी तशी, न तुटणारी. हातभरावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. त्याच्या मानेवर चटक्याचा जुना डाग होता. असाच डाग फुलसिंगच्या मानेवर होता.

"फुलसिंग?"

"व्हय." मान वळली नाही. "तवा येत नव्हतं, लाल्या. आता थांबंना."

"मिरानं काय चारलं तुला?"

"भाकर. बायकोला कसं सांगू, मुतायला येत न्हाई म्हनून? लाजलो अन् मेलो. तू भगताकडं काहून चालला?"

धार चालूच होती, आणि त्याच्या पायाखालची माती कोरडी ठणठणीत होती.

नेमसिंग धावत आला. "बा, हितं पानी कुठं वाजून राहिलं?"

बांधाआड दुसरं कुणी नव्हतं.

"कुरुंदा नको," लालसिंग म्हणाला. "वसमतला घे. दवाखान्यात."

"क्या तकलीफ है, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं. 'पोट दुखतं' एवढंच तोंडाशी आलं होतं. लालसिंगनं डोळे मिटले आणि होतं तसं सांगून टाकलं. उतारवयात लघवीच्या वाटेवरची गाठ वाढते, असं म्हणत डॉक्टरांनी रबरी नळी घातली. तांब्या भरला, मग दुसरा. म्हातारा लेकरासारखा रडला.

आठ दिवसांनी तो पंचांपुढं उभा राहिला. आपलं दुखणं सांगितलं, फुलसिंगचंही सांगितलं. पोरं हसली, दोन म्हाताऱ्यांनी मात्र माना खाली घातल्या.

मग तो नाला ओलांडून मिराबाईच्या झोपडीपाशी गेला.

"वहिनी, तुमी फुलसिंगला काई केलं न्हाई. चूक आमची झाली. तांड्यात चला."

"तीन साल मी हितं कुत्र्यागत राहिले," ती आतूनच म्हणाली. "मला भावाकडं साखऱ्याला सोडा."

दुसऱ्या दिवशी लालसिंगनं स्वतः छकडा जुंपला. ती पाठ फिरवून बसली. शीव ओलांडताना मात्र तिनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली. छकडा मागून दबला. बैल फुरफुरले, आणि तिथून पुढं चढ नसतानाही ओझं ओढत असल्यासारखे चालू लागले.

लालसिंगनं मागं वळून पाहिलं नाही.