आडवं जायचंय

उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकायचा, एवढंच काम होतं. पण पाय सीटपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला, दुकानाच्या काउंटरवर कुणीतरी विसरलेल्या पिशवीसारखा. लिफ्ट-इन्स्पेक्टर एका पायावर उभा होता, दोन्ही हातांत मोटरसायकलचं हँडल होतं, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय.

"भावोजी, आता एक छोटी उडी मारा," मेहुणा मोबाइल आडवा धरून म्हणाला.

"कोणत्या पायाने?"

मेहुणा विचारात पडला. तेवढ्यात मोटरसायकलनेच निर्णय घेतला. ती अगदी सावकाश, कुणाला घाई नाही अशा बेताने पलीकडच्या बाजूला कलली. हँडल सोडून द्यावं हे इन्स्पेक्टरला सुचलं नाही, म्हणून तोही तिच्याबरोबर गेला. दोघं मिळून जुन्या टायरांच्या ढिगात पडली.

दुकानाचा मालक स्टुलावरून उठलासुद्धा नाही. तो इतका बारीक होता की त्याला सगळे काडी म्हणत, आणि दुकानाच्या पाटीवरही त्याने शेवटी तेच नाव घातलं होतं.

"पडू दे," काडी म्हणाला. "या काही रस्त्याच्या गाड्या नाहीत साहेब. दगडमातीच्या आहेत. पडायलाच केलेल्या." मग जरा वाकून पाहत म्हणाला, "पँट मात्र फाटली नाही. शिवण दणकट आहे."

"ताईने शिवलीय," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

ताई, म्हणजे इन्स्पेक्टरची बायको, आवाराच्या भिंतीला टेकून पर्स पोटाशी धरून उभी होती. कपडे घट्ट किंवा सैल करून देण्याचं तिचं दुकान होतं. तिने आधी पँटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"लागलं का?"

"नाही."

"मग ऊठ."

तो उठला, धूळ झटकली आणि काही कारण नसताना आवाराला दोन चकरा मारून आला. हल्ली त्याला एका जागी उभं राहवत नसे. जेवताना पाय हलायचा, दात घासताना तो घरभर फिरायचा, आणि टीव्हीसमोर बसला की खिशातल्या किल्ल्या अशा वाजवायचा की शेवटी बायको त्या काढून फ्रिजवर ठेवायची.

"वीस वर्षं नुसता वर-खाली करतोय," तो एका रात्री म्हणाला होता. "मला आता आडवं जायचंय."

त्याचं कामच तसं होतं. दुसऱ्यांच्या इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये वीस-वीस किलोची लोखंडी वजनं भरायची, वर न्यायची, खाली आणायची आणि शिक्का मारायचा. लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलेलं असतं, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. या हिशेबाने तो एकटाच पावणेदोन माणूस होता. तो आत शिरला की हमाल म्हणायचे, "साहेब आत आहेत, सहा वजनं कमी घाल." याचा त्याला राग यायचा, पण आकडा बरोबर असल्यामुळे बोलता येत नसे. हल्ली त्याने सहाची पाच करायला लावली होती.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरने त्याला काट्यावर उभं केलं आणि आकडा पाहून नुसता सुस्कारा टाकला. तो सुस्कारा घेऊन इन्स्पेक्टर घरी आला आणि सोफ्यावर बसला. कामापुरता उठायचा, परत येऊन बसायचा. सोफ्याला त्याच्या आकाराचा असा खड्डा पडला की पाहुणे तिथे बसताना संकोचायचे. तो फारसं बोलत नसे. एकदाच बोलला, तेही स्वतःशी पैज लावल्यासारखं, "एकशे पाचच्या खाली आलो तर मोटरसायकल घेईन. नाही आलो तर काहीच नाही."

आणि मग काटा उतरायला लागला. दर रविवारी सकाळी बायको बाथरूमबाहेर काटा पुसून मांडायची, "तू वाकू नकोस, मी ठेवते," म्हणायची, आणि तो श्वास रोखून वर चढायचा. एकशे एकवीस. एकशे एकोणीस. एकशे पंधरा. पँटी कमरेत ढिल्या व्हायला लागल्या. तो चालायला लागला. पुढे जिनेही चढायला लागला, तेव्हा एका सोसायटीच्या लोकांनी घाबरून दुसरा इन्स्पेक्टर बोलावला, कारण लिफ्ट तपासायला आलेला माणूसच जिन्याने जातोय. गेल्या रविवारी काटा एकशे चारवर थांबला. त्याच संध्याकाळी त्याने मेहुण्याला फोन केला.

मेहुण्याकडे मोटरसायकल नव्हती. सायकल होती, तीही पंक्चर. पण त्याने सगळे व्हिडिओ पाहिले होते.

"पहिली उंचीला चुकली," तो आता म्हणाला. "तुमच्या वजनाला साडेचारशे सीसी पाहिजे भावोजी. त्याच्या खाली विचारच करू नका."

काडीने साडेचारशेची काढून दिली. इन्स्पेक्टर बसला, गाडी सुरू केली आणि क्लच सोडला. यानंतर काय झालं ते मेहुण्याच्या व्हिडिओतही नीट दिसत नाही, कारण त्यानेच उडी मारून जीव वाचवला. गाडी आवार ओलांडून काडीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरली आणि बंद पडली. दोरीपलीकडून इन्स्पेक्टर चालत आला तेव्हा हेल्मेटवर काडीचा बनियन होता.

"ताकद जास्त झाली," मेहुण्याने निष्कर्ष काढला.

"इंजिन नुसतं ओढतं," काडी बनियन परत घेत म्हणाला. "माणसाला पेलते ती स्प्रिंग."

इन्स्पेक्टरच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"म्हणजे मोटर नाही, दोर."

"काय?"

"लिफ्टचं म्हणतोय. कळलं मला."

तिसरी गाडी अडीचशेची होती. हिरवा रंग उडालेला, बुटकी, एका बाजूचा आरसा नाही. इन्स्पेक्टर बसला तर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले. त्याने टाकीवर हात फिरवला, आणि बायकोने भिंतीचा टेका सोडला.

"वजन किती?" काडीने विचारलं.

"एकशे चार." परीक्षेचा निकाल सांगावा तसा.

काडीने आतून एक स्प्रिंग आणली आणि मागची बदलायला घेतली. तेवढ्या वेळात इन्स्पेक्टरने आवारातले सगळे टायर उभे करून पाहिले, आडवे करून पाहिले आणि मेहुण्याला तीनदा विचारलं, किती वाजले.

"आता मोजायचं," काडी म्हणाला. "साहेब, बसा. दोन्ही पाय फूटरेस्टवर. अजिबात हलायचं नाही. गाडी तुमच्यामुळे मागे किती बसते ते बघू. वहिनी, तुम्ही पुढून हँडल धरा, नाहीतर पडतील. माझा टेप कुठे गेला?"

बायकोने पर्समधून आपला टेप काढून दिला आणि गाडीच्या पुढे उभी राहून दोन्ही हातांनी हँडल धरलं. नवरा-बायको अशी समोरासमोर, हातभर अंतरावर, बऱ्याच दिवसांत आली नव्हती. त्याच्या नाकाला खाज सुटली.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

"गुडघा हलतोय."

काडीने मागच्या चाकापासून वर टेप लावला. पुन्हा लावला.

"किती म्हणालात वजन?"

"एकशे चार."

"फारच खाली बसतेय. साहेब, लाजू नका. इथे येणारे सगळे पुरुष दहा-पंधरा किलो घरी ठेवून येतात."

"मी लिफ्ट तपासतो," इन्स्पेक्टरचा आवाज चढला. "माझं आयुष्य वजनं मोजण्यात गेलंय. दर रविवारी उपाशीपोटी, टॉवेलवर. तुमची स्प्रिंग चुकीची आहे. काटा आहे का इथे?"

"भंगाराचा आहे, मागे."

"आणा. आत्ता आणा."

तो उतरायला निघाला. गाडी डुगडुगली. बायकोने हँडल आणखी घट्ट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. नवऱ्याला नाही, काडीला. "चौदा जास्त धरा."

मेहुण्याने मोबाइल खाली केला. इन्स्पेक्टरने बायकोकडे पाहिलं. ती गाडीच्या हेडलाइटकडे पाहत होती, जणू त्यात काही बिघाड असावा.

त्याचा हात कमरेकडे गेला. पँटमध्ये दोन बोटं सहज जायची. ही दोन बोटं त्याने ऑफिसात सगळ्यांना दाखवली होती. आज ती बोटं आणखी मागे सरकली, मागच्या शिवणीपर्यंत, आणि तिथे मागाहून जोडलेल्या एका पट्टीपाशी अडली. कापड तेच, पण कमी धुतलेलं, थोडं कडक. लिफ्टच्या दोरावरून तुटलेली तार शोधावी तसं त्याने त्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे सहा," तो म्हणाला.

"कसले सहा?" काडीने विचारलं.

"वजनं."

काडीच्या दुकानात पुष्कळ संसार येऊन गेले होते. "कडक स्प्रिंग आहे माझ्याकडे," म्हणून तो पुन्हा पाना घेऊन बसला. या वेळी इन्स्पेक्टरने चकरा मारल्या नाहीत. टायर उभे-आडवे केले नाहीत. तो नुसता उभा राहिला, आणि ते पाहून बायकोने टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"ताई, पण तू—"

"तू गप."

नवी स्प्रिंग बसली. तो बसला, तिने हँडल धरलं, काडीने मापलं.

"आता बरोबर."

"सोड," इन्स्पेक्टर म्हणाला.

तिने सोडलं आणि ती भिंतीपाशी सरकली. त्याने गाडी सुरू केली, क्लच इतका हळू सोडला की मेहुण्याला जांभई आली, आणि हिरवी गाडी चालती झाली. आवाराच्या कडेने, टायरांच्या ढिगाला वळसा घालून, कपड्यांच्या दोरीखालून, परत बायकोसमोरून.

"पँटी पण?" त्याने जाता जाता विचारलं.

"सगळ्या."

तो पुढे निघून गेला होता. दुसऱ्या फेरीला म्हणाला, "कधीपासून?"

"काट्यावरचे पहिले दोन किलो मी काढले," ती म्हणाली, पण गाडी टायरांपर्यंत पोचलीसुद्धा. उरलेलं वाक्य तिला पुढच्या फेरीपर्यंत तोंडात धरून ठेवावं लागलं. "त्या दिवशी तू चालत भाजी आणायला गेलास."

पुढची फेरी तशीच गेली. त्याच्या पुढची पण. नुसता धुरळा आणि इंजिनाचा आवाज. मग, "म्हणजे मी उतरलोच नाही."

"तीन उतरलास."

"ते कुणी काढले?"

उत्तरासाठी त्याला पूर्ण वळसा घालून यावं लागलं.

"तूच," ती म्हणाली.

दोरीखालून जाताना त्याने या वेळी मान वाकवली, आणि काडीचा बनियन जागच्या जागी राहिला. समोर आला तेव्हा गाडी जवळजवळ माणसाच्या चालीने येत होती.

"रविवारी काटा मी मांडणार."

"मांड."

तो गेला.

मेहुणा अस्वस्थ झाला. "अहो, भावोजींना थांबता येत नाहीये. ब्रेक कुठे असतो ते कुणीतरी सांगा त्यांना."

काडी फडक्याला हात पुसत होता. "थांबता येतंय. त्या टायरांपाशी दर वेळी उभे राहिल्यासारखे होतात, आणि परत निघतात."

"मग थांबत का नाहीत?"

बायकोने टेप पर्समध्ये टाकला. मातीत चाकाचा एक गोल उमटला होता. ती भिंतीपासून निघाली आणि त्या गोलाच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली. गाडी पलीकडच्या टोकाला वळत होती.