पत्र्यावर उमटणारा देव

हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं पायऱ्यांवर बसली, पायऱ्या संपल्या तशी भिंतीला टेकून उभी राहिली. स्टेजवर एक खोकं होतं, त्याला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत कापड लावलेलं. खोक्यावर एक काळा चौकोनी पत्रा, जेवणाच्या ताटाहून थोडा मोठा. त्यावर महाराजांनी चिमटीने पांढरी वाळू भुरभुरली, समोर उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातात माईक दिला आणि सगळ्यांना म्हणाले, "आता हिच्यासाठी सूर लावा."

सगळा हॉल "आऽऽऽ" करायला लागला. कान बधिर व्हायची वेळ आली. आणि वाळू पळायला लागली! कुणीही हात लावलेला नव्हता, तरी पत्र्यावरचा कण न् कण धावला आणि बघता बघता आठ पाकळ्यांचं फूल तयार झालं. म्हातारी ढसाढसा रडली. माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तर हात जोडून उभाच राहिला.

"हे तुमच्या आतल्या देवाचं रूप!" महाराज म्हणाले. "विज्ञान म्हणतं, सगळं कंपन आहे. अध्यात्म म्हणतं, सगळं ब्रह्म आहे. मग कंपन म्हणजे काय?"

"ब्रह्म!" हॉल ओरडला.

या हिशेबाने माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सरही ब्रह्मच म्हणायचा. रोज सकाळी चटणी वाटताना दर्शन देतो!

या माणसाला लोक सर-महाराज म्हणत. अंगात कोट, खिशाला दोन पेनं. "आम्ही अंधश्रद्धेच्या कट्टर विरोधात आहोत," हे वाक्य ते आधीच टाकून ठेवत, म्हणजे पुढे कुणाला तोंड उघडायची सोय उरत नसे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

मी तिथे गंमत बघायला गेले नव्हते. माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. त्याला लहानपणापासून फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायला लागल्यापासून त्या थांबल्या, कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर असं, की माणसाने रस्त्यात थांबून बघत राहावं. पण डॉक्टरांनी एक गोष्ट त्याला बजावून ठेवलेली: शिडी चढायची नाही. त्यामुळे उंचावरचे मोठे बोर्ड दुसऱ्यांना मिळायचे आणि हा काचेवर, दारांवर, खाली बसून लिहायचा. धंद्यातले लोक त्याला 'खालचा पेंटर' म्हणायचे. तोही हसायचा, पण घरी आला की जेवायचा नाही.

आठवड्यापूर्वी त्याच्यासाठी पत्र्यावर फूल उमटलं होतं. सर-महाराज म्हणाले, "आकृती पूर्ण आहे. रोग गेला. आता गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास." त्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या. मला हे आईकडून कळलं, तेही आनंदाची बातमी म्हणून! गोळ्या अशा एकदम सोडल्या तर फिट उसळून येते, जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं.

आता वाळूचं म्हणाल, तर मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रयोग मी दर वर्षी मुलांना करून दाखवते. तेव्हा "कुणाला काही शंका?" असं सर-महाराजांनी मोठ्या दिमाखात विचारलं, आणि मी उठले.

"ताई, बस ना," भाऊ माझी ओढणी धरून कुजबुजला. "सगळे बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच उठलेय."

मी स्टेजवर गेले आणि माईकवर म्हणाले, "मंडळी, दोन मिनिटं सगळ्यांनी अगदी गप्प बसायचं." मग वाकून खोक्याचं कापड वर केलं. आत एक स्पीकर, त्याच्या मधोमध उभी दांडी, दांडीवर पत्रा घट्ट बसवलेला. एक वायर महाराजांच्या पायाजवळच्या, पायाने दाबायच्या पट्टीला गेलेली. मी वाळू सारखी केली, माझ्या चपलेने ती पट्टी दाबली आणि माईकवर सतराचा पाढा सुरू केला.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

हॉल शांत होता, म्हणून या वेळी खोक्यातली गुणगुण सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. सतरा चोक अडुसष्टपर्यंत पत्र्यावर फूल हजर. तेच, आठ पाकळ्यांचं.

"बघितलंत? स्पीकर पत्र्याला हलवतो. पत्रा सगळीकडे सारखा हलत नाही. काही रेषा जागच्या जागी शांत राहतात. हलणाऱ्या जागेवरची वाळू उडते आणि त्या शांत रेषांवर येऊन साठते. सूर बदला, आकृती बदलेल. समोर कोण उभं आहे, त्याला कोणता रोग आहे, हे पत्र्याला कळत नाही हो! आणि तुम्ही सगळे ओरडत होतात ते कशासाठी? तर स्पीकरचा आवाज झाकला जावा म्हणून!"

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, जिंकले.

सर-महाराज मात्र मंद हसत पुढे आले. माझ्या हातातला माईक त्यांनी अलगद काढून घेतला.

"टाळ्या वाजवा बाईंसाठी! मी कधी म्हटलं की खाली यंत्र नाही? सूक्ष्मदर्शक हेही यंत्रच ना? पण त्यात दिसणारा जंतू खोटा असतो का? भौतिकशास्त्राच्या बाई तुमच्यासमोर सांगतायत, आकृती खरी आहे! यांनी गणित म्हटलं तरी देव उमटला. नाही मानत, त्यांनाही त्याने दर्शन दिलं! अहो, आणखी काय पुरावा हवा?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी ओरडत राहिले, पण माईक त्यांच्याकडे होता. स्टेजवरून उतरताना एका बाईने चक्क माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

घराच्या दारात भाऊ म्हणाला, "ताई, आकृती खरी आहे, हे तूच म्हणालीस."

"अरे, वाळूची आकृती खरी आहे! तुझ्या मेंदूचा तिच्याशी काय संबंध?"

"तुला नाही कळणार. एवढी वर्षं गोळ्या घेतल्या. कुठल्या डॉक्टरने एकदा तरी म्हटलं, की तू बरा झालास? हा पहिला माणूस, ज्याने मला बरा म्हटलं."

मी गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्यासमोर धरला. रागावले, हातापाया पडले. "एवढी एक घे, माझ्यासाठी." आई मध्ये पडली. "कशाला त्याच्या मनात भरवतेस? इतक्या वर्षांनी पोरगं जरा हसतंय." त्याने पेला घेतला, पाणी प्यायला आणि गोळी तशीच ठेवली.

त्याच आठवड्यात त्याने औषधांच्या दुकानाचा बोर्ड रंगवायला घेतला. दुमजली इमारतीवर, शिडी लावून. मी धावत गेले तेव्हा तो वर होता आणि आनंदात शीळ घालत होता. "ताई, इथून बघ कसं दिसतंय!" म्हणाला. मी "खाली ये" म्हणत राहिले. ब्रश त्याच्या हातातून सुटला तेव्हा मला आधी वाटलं, निसटला असेल. मग त्याचे खांदे ताठ झाले. खाली फरशी होती.

हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

सर-महाराज भेटायला आले. म्हणाले, "श्रद्धेत कुठेतरी कंप आला." म्हणजे बरा झाला असता तर त्यांचं फूल, मेला तर याचीच श्रद्धा कमी! ते गेल्यावर आई माझ्याकडे वळली. रडत नव्हती. म्हणाली, "तू तिथे चढून पाढे म्हटलेस. त्याची आकृती तू मोडलीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. त्यांच्या बैठकीला मात्र जाते. आता हॉलही मोठा घेतलाय म्हणे, आणि जाहिरातीत माझा स्टेजवरचा फोटो आहे.

देव आहे की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मला माहीत नाही. असेल तर तो फार मोठी गोष्ट असणार, वाळूच्या फुलात मावणारी नव्हे. त्याला शोधायचा तर ध्यान करा, नाहीतर दुर्बीण लावा, माझं काही म्हणणं नाही. पण जो कुणी तुम्हाला तो दाखवतो म्हणेल, त्याला एकच विचारा: काय घडलं तर तुम्ही चुकलात असं मान्य कराल? त्याच्याकडे याचं उत्तर नसेल, तर घरी जा आणि औषध वेळेवर घ्या. माझ्या आईला मी हे पटवू शकले नाही. तुमचं माणूस अजून ऐकत असेल, तर आजच बोला.