टिल्डीची उडी

रविवारची प्रार्थना संपली, की आमच्या गावात देव आत राहतो आणि माणसं चर्चच्या दारात कुत्र्यांवरून भांडतात. त्या साली रानडुकरांनी कुणाचंच शेत सोडलं नव्हतं, त्यामुळे भांडण जरा जास्तच पेटलं होतं.

"डुकराला प्लॉट जातीचंच पायजे," ऑर्लेटाचा जावई क्लोव्हिस म्हणाला. "क्यारोलायनाच्या डोंगरातलं कुत्रं! अस्वलाच्या अंगावर जातंय, तर डुक्कर काय चीज!"

"जातंय खरं, पर मागावर निघालं की तिसऱ्या गावात सापडतंय," पेंडीच्या दुकानाचा हर्शेल म्हणाला. "त्यापरीस काळ्या तोंडाचं, 'कर' जातीचं कुत्रं घ्या. सकाळी डुक्कर, दुपारी गुरं, रातच्याला राखण."

"माजी टिल्डी हाय की," ऑर्लेटा म्हणाली.

सगळे फिदीफिदी हसले. टिल्डी म्हणजे तिची काटाहुला जातीची कुत्री. अंगभर ठिपके आणि एक डोळा काचेसारखा निळा. आठवड्यापूर्वी ऑर्लेटाच्या रताळ्याच्या रानात डुकरं शिरली, तेव्हा ही भुंकत गेली, कळपाभोवती एक गोल फेरी मारली आणि मग पाठ फिरवून नदीकडं जी पळत सुटली, ती झाडीतच दिसेनाशी झाली. अख्खा कळप तिच्यामागं! रस्त्यावरच्या चारचौघांनी ते पाहिलं. संध्याकाळी बरगडीवर ओरखडा घेऊन कुत्री परत आली, तोवर तिचं नाव गावभर पळपुटी झालं होतं.

"मामी, ती म्हातारी झाली," क्लोव्हिस म्हणाला. "डुकराला पाठ दावनारं कुत्रं आन् पावसाला भिनारा कोळी, काय कामाचं?"

ऑर्लेटाचं दुखणं मला, शेजारणीला, ठाऊक होतं. नवरा होयट गेल्यावर लेकीनं धोशा लावला होता, की शहरात आमच्याकडं चल. शेवटी ऑर्लेटानं शब्द दिला: यंदाही रताळी डुकरांनी खाल्ली, तर घर बंद करून येईन. त्या घराशिवाय ही बाई जगायची नाही, हे मला दिसत होतं. आणि काढणी तोंडावर आली होती.

क्लोव्हिसनं काढणीपुरता सासूकडं मुक्काम ठोकला आणि कॅप्टन नावाचा प्लॉट आणला. वाघासारखे पट्टे, ढोलासारखा आवाज. त्याच्यासाठी त्यानं घरसुद्धा बांधलं, होयटच्या जुन्या कोंडवाड्याच्या फळ्या काढून. नदीकाठी होयटचा तो कोंडवाडा होता. त्यात त्याला जिवंत डुकरं मिळायची. कशी, असं विचारलं की गडी मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "मका टाकतो." शिकारी माणूस बायकोलासुद्धा खरं सांगत नाही. फळ्या मागायला क्लोव्हिस आला तेव्हा ऑर्लेटाच म्हणाली होती, "ने बाबा, उगं कुजत्यात."

शनिवारी पहाटे डुकरं आली. धुकं खाली बसलं होतं, आणि उकरलेल्या मातीचा वास माझ्या अंगणापर्यंत येत होता. मी शाल गुंडाळून बांधावर गेले. ऑर्लेटानं टिल्डीला ओसरीच्या खांबाला बांधलं होतं. क्लोव्हिसनं बंदूक घेतली आणि कॅप्टनला सोडलं.

त्या कुत्र्याच्या काळजाला नावं ठेवणार नाही मी. बाणासारखा गेला आणि एका मादीच्या कानालाच लोंबकळला. मादी किंचाळली. शेजारचा मोठा नर वळला, त्यानं खालून एकदाच मान उचलली आणि कॅप्टनचं पोट उसवलं. क्लोव्हिसला गोळी घालता येईना, कारण कुत्रं मधी. कळप फुटला आणि उरलेल्या वाफ्यांतून चौखूर उधळला. रताळी तुडवली जाऊन त्यांचा चिखल झाला.

"आरं, माजं कुत्रं!" म्हणत क्लोव्हिस चिखलात गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात ओसरीकडून तुटलेली दोरी ओढत टिल्डी आली. तिनं कॅप्टनकडं पाहिलंसुद्धा नाही. फुटलेल्या कळपाभोवती तिनं लांबून फेरी मारली, मग जवळून, मग आणखी जवळून. कुणाला चावली नाही. नुसती भुंकून भुंकून डिवचत राहिली. पांगलेली डुकरं गोळा झाली, नर फुरफुरला आणि तिच्यावर धावला. टिल्डीनं पाठ फिरवली.

"बगा, पळाली!" क्लोव्हिस ओरडला.

"गप ऱ्हा!" ऑर्लेटा म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं. "झेल्मा, बग तरी. ती थांबून थांबून पळतीया."

खरंच तसं होतं. कळप मागं पडला, की टिल्डी वळून भुंकायची, डुकरं चवताळली, की पुन्हा पुढं व्हायची. आम्ही दोघी चिखलानं भरलेले घागरे सावरत मागं धावलो. नदीकाठी झाडी संपली आणि कोंडवाड्याचे दोन खांब दिसले. फाटकाचे. बाकी नुसतं गवत.

टिल्डी त्या दोन खांबांमधून आत शिरली. कळप तिच्यामागं आत आला. आत म्हणायचं, पण आत उरलंच काय होतं? ती सरळ पुढं गेली आणि जिथं पलीकडची फळी असायची, बरोबर त्याच जागी तिनं उंच उडी मारली. नसलेल्या फळीवरून. पलीकडं पडली, वळली आणि खाली बसून आमच्याकडं बघू लागली, आता फाटक लावा म्हणून.

"टिल्डी, पळ!" ऑर्लेटा किंचाळली.

फळी असती तर नर तिथंच थडकला असता. तो थांबला नाही.

होयटच्या शेजारी आम्ही तिला पुरलं. कॅप्टनचं पोट क्लोव्हिसनं मासेमारीच्या दोऱ्यानं शिवलं. तो जगला. रताळी गेली ती गेलीच.

सोमवारी लेक सामान बांधायला आली. "आई, तू शब्द दिला हुतास."

"दिला हुता," ऑर्लेटा म्हणाली. "शब्द पाळाया मी काय कुत्रं हाय? मी न्हाय येत जा." आणि पदर नसलेल्या बाईनं ॲप्रनमध्ये तोंड लपवून पोटभर रडून घेतलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात पुन्हा तोच बाजार भरला. आता सगळ्यांना काटाहुला पाहिजे होतं.

"मी तर आधीपास्नं म्हणत हुतो," हर्शेल म्हणाला. "ऑर्लेटाबाय, माज्या मेव्हण्याकडं पिल्ली हायती. निळ्या डोळ्याचं देऊ का तपकिरी?"

ऑर्लेटानं त्याच्याकडं पाहिलं, मग खाली मान घालून उभ्या असलेल्या जावयाकडं. त्याच्या गाडीत कॅप्टनच्या घराच्या, म्हणजे कोंडवाड्याच्याच, फळ्या रचलेल्या होत्या. सकाळी न सांगताच मोडून आणलं होतं त्यानं ते घर.

"कुत्र्याचं मागनं बगू," ती म्हणाली. "गाडीतल्या कमी पडत्यात. आनिक फळ्या हाईत का कुनाकडं?"