शेवटच्या बाकावरचा प्याला

साल एकोणीसशे त्रेसष्ट. तेव्हा घड्याळांना रोज किल्ली द्यावी लागे, आणि ज्यांच्या घरी घड्याळ नसे ती माणसं वेळ विचारायला शेजारच्या दारात यायची ती चार शब्द बोलूनच जायची. त्या काळी एका गल्लीच्या तोंडाशी एका घड्याळजीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यांच्याही मागे एक अडगळीची खोली. काटे गळालेल्या जुन्या घड्याळांनी भरलेल्या त्या अडगळीत त्या वर्षी एक खाट टाकली गेली.

खाट घड्याळजीच्या थोरल्या बहिणीची. लग्नाच्या वयात तिच्या दंडावर फिकट चट्टा उठला, महारोग ठरला आणि शहराबाहेरच्या आरोग्यधामात तिची रवानगी झाली. घड्याळजी तेव्हा अर्ध्या चड्डीत शाळेला जात होता. आता तिच्या कानाशी केस पिकले होते. आरोग्यधामाचे डॉक्टर एके दिवशी स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "बाई पूर्ण बरी झाली आहे. तिच्यापासून आता कुणालाही काही व्हायचं नाही. बऱ्या झालेल्यांना आम्ही ठेवत नाही, घेऊन जा." दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. नाही कसं म्हणणार?

घड्याळजीच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे, आपणही तेच म्हणू. नणंद तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वन्संच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळली होती, बाकी माणूस इतरांसारखंच होतं. आल्या आल्या त्यांनी चार वर्षांच्या छकुलीकडे पाहून हसून हात पुढे केला. वहिनीनं छकुलीला उचलून कडेवर घेतलं. वन्संनी हात तसाच मागे नेऊन आपल्या पदराला पुसला, जणू तो त्यासाठीच पुढे केला होता.

सासूबाईंनी रीत घालून दिली. कुणी कुणाला वाईट बोलायचं नाही. ताट वेगळं, पेला वेगळा, पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, छकुलीनं मागच्या अडगळीच्या खोलीत जायचं नाही. "आपण काही तिला टाकलेलं नाही," सासूबाई म्हणत. "पण सांभाळून राहिलेलं बरं."

सासूबाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत. त्यांच्या सासूबाईही तिथेच बसायच्या. अर्धी गाणी त्यांना पुस्तकाशिवाय पाठ.

वन्सं आल्या त्याच आठवड्यातल्या रविवारी पाळकांनी तो धडा घेतला. त्यांनी मुद्दामच घेतला असावा. पाळक वयानं तरुण होते. बोलताना टाचा उचलायची त्यांना सवय होती. एक महारोगी येशूसमोर गुडघे टेकतो, तुमची इच्छा असेल तर मला बरं कराल म्हणतो, ती गोष्ट. ऐकलेलीच. पण पाळक मध्येच थांबून म्हणाले, "नीट ऐका. येशूनं त्याला आधी बरं केलं आणि मग हात लावला असं नाही. आधी हात लावला. तो माणूस अजून आजारीच होता तेव्हा. त्याला कितीतरी वर्षांत कुणी शिवलं नसेल. त्याला आधी काय हवं होतं ते येशूला कळलं."

वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या बाकावर वन्सं एकट्या बसल्या होत्या, हे न पाहताही तिला दिसत होतं.

बाहेर आल्यावर कंपाउंडरीण डोळे पुसत होती. "काय बोलले हो! माझा तर रुमाल भिजला, यांचा मागून घ्यावा लागला." ही सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको, मंडळीत तिच्या शब्दाला वजन. सासूबाई म्हणाल्या, "आधीचे पाळक यापेक्षा छान बोलायचे. आवाज होता त्यांना." आणि चपला शोधू लागल्या.

घड्याळजी मात्र पेटून उठला होता. घरी येताच त्यानं अडगळीच्या दारात उभं राहून हाक मारली. "ताई, चल बाहेर! आजपासून तू आमच्यात जेवायचं. बंद पडलेलं घड्याळसुद्धा आम्ही हातात घेऊन बघतो, आणि सख्ख्या बहिणीला लांबून ताट सरकवतो? लाज वाटली मला आज." सासूबाई ताटावरून उठून गेल्या. वन्सं जेवल्या, पण घासागणिक सगळ्यांचे चेहरे बघत.

दुसऱ्या दिवशी त्यानं बहिणीला दुकानातही नेऊन बसवलं. आठवडाभर फार छान चाललं होतं. मग एका गिऱ्हाइकानं दुरुस्त झालेलं मनगटी घड्याळ रुमालात धरून उचललं. दुसरा म्हणाला, "याला हात तुम्ही लावलात की तिनं?" तिसरा पायरीवरूनच परत गेला. घड्याळजीचा जीव गिऱ्हाइकात. डोळ्याला भिंग लावूनही त्याला हातातला स्क्रू दिसेना. पुढच्या सोमवारी तो बहिणीला म्हणाला, "ताई, इथं फार धूळ असते. तुला खोकला होईल."

"हो रे," वन्सं म्हणाल्या. "धूळ आहे खरी." आणि त्या आत गेल्या. ताटही पुन्हा वेगळं झालं.

वहिनीनं या सगळ्यात काहीच केलं नव्हतं. तिला वाटे, आपल्याला नवऱ्यासारखा उत्साह आला नाही, कंपाउंडरणीसारखं रडू आलं नाही, म्हणजे आपलं मनच दगड असणार. पण ते एक वाक्य काही तिला सोडेना. आधी हात लावला. भांडी घासताना, छकुलीची वेणी घालताना, वाण्याच्या दुकानात उभी असताना ते मध्येच वर यायचं. ती चिडायची. कुणावर ते कळायचं नाही. एकदा तर दुधावरच खेकसली, "उतू जा एकदाचं!"

एके दुपारी वन्सं अंगणात आपलं ताट धूत होत्या. वहिनीनं कढत पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवून दारात ठेवलं होतं. वन्संनी ते डाव्या हातानं उचललं, काठ धरून, फडक्याशिवाय. चार पावलं गेल्या, पाणी ओतलं, पातेलं परत ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. मग वहिनीचं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांवर फोड टरारून आले होते.

"अगं बाई! भाजलं ना वन्सं!"

"कळत नाही मला या हातात," वन्सं ओशाळून म्हणाल्या. "तिथं आम्ही एकमेकींना सांगायचो. गरम आहे गं, लावू नको म्हणून. इथं विसरायला होतं."

वहिनी एक पाऊल पुढे गेली. दारातून सासूबाई म्हणाल्या, "मलम खिडकीत ठेव. ती घेईल." वहिनीनं मलम खिडकीत ठेवलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा. त्या चर्चची रीत जुनी होती. द्राक्षरसाचा एकच प्याला, चांदीचा. पाळक तो बाकाबाकांवरून फिरवत. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा, पाळकांनी कड पुसून पुढच्याला द्यायचं, आणि उरलेला रस शेवटी त्यांनी स्वतः पिऊन संपवायचा. एक थेंब टाकायचा नाही.

कंपाउंडरीण दोन दिवस आधी घरी आली. चहा घेतला, छकुलीचे गाल ओढले, आणि विषयावर आली. "माझ्या मनात काही नाही हो. मी तर रडले होते, तुम्ही पाहिलंत. पण मुलीचं जमतंय. मुलाकडचे रविवारी चर्चला येणार. त्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? म्हणून ठरवलंय सगळ्यांनी. तुमच्या ताईंना प्याला अगदी शेवटी. मग पाळक उरलेलं झाडाखाली ओततील. कुणाचं मन दुखायला नको."

"कुणाचं?" वहिनीनं विचारलं.

"अगं, कुणाचंच."

ती गेल्यावर सासूबाई घड्याळजीला म्हणाल्या, "हे असं किती दिवस चालायचं? सोमवारी तिला परत नेऊन सोड. डॉक्टरांच्या हातापाया पड. तिथं तिच्या बरोबरीच्या आहेत. तिचंही मन रमेल." घड्याळजीनं मान खाली घालून एक चिमुकलं चक्र चिमट्यात धरलं. हो म्हणाला नाही. 'नाही' तर मुळीच म्हणाला नाही.

अडगळीचं दार अर्धवट उघडं होतं. वन्संनी सगळं ऐकलं. बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं वहिनीला आत ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

वहिनी तशीच उठून पाळकांच्या घरी गेली. ते ओट्यावर सायकल उलटी करून साखळी बसवत होते.

"पाळकसाहेब, झाडाखाली ओतणार आहात?"

त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. "बाई, मलाही पटत नाही. पण मंडळी फुटेल. हळूहळू घ्यायला हवं. लोक तयार व्हायला हवेत."

"मग त्या दिवशी सांगितलंत ते कुणासाठी होतं?"

"सगळ्यांसाठी."

"म्हणूनच कुणीच आपल्यावर घेतलं नाही," वहिनी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "तुम्ही सांगितलंत आणि मोकळे झालात. मला मेलीला तेव्हापासून झोप नाही. ते परत तरी घ्या, नाही तर मी काय करू ते सांगा."

पाळक पुन्हा साखळी बसवू लागले.

रविवारी मुलाकडची माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या बाकांवर बसली होती. गाणं झालं, भाकर मोडून झाली, प्याला निघाला. पहिल्या बाकावर सासूबाईंनी डोळे मिटून घोट घेतला. वहिनीची पाळी आली, तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं. पाळक पुढे गेले. वहिनीनं छकुलीला नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि ती उठली. मधल्या वाटेनं चालताना तिच्या चपला फार वाजल्या. सगळ्यात मागच्या बाकापाशी आली, वन्संच्या पलीकडे जाऊन बसली, भिंतीला लागून. आता प्याला घेणारं तिच्यानंतर कुणी नव्हतं.

"वहिनी, काय करताय?" वन्सं कुजबुजल्या. "जा पुढे. उद्या मी जाणारच आहे. उगाच वाईट कशाला होता?"

"गप्प बसा हो वन्सं."

प्याला वन्संपर्यंत आला. त्यांनी उजव्या हातानं धरला, डाव्याचा नुसता आधार. घोट घेतला. पाळकांनी कड पुसायला फडकं उचललं. वहिनीनं हात पुढे केला तो प्याल्याकडे गेलाच नाही. वन्संची भाजलेली, वळलेली बोटं तिनं आपल्या मुठीत धरली. दुसऱ्या हातानं प्याला घेतला, न पुसलेला. तिची भीती गेली नव्हती. छकुलीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे होता. तरी ती प्यायली.

चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळलेल्या. पाळक प्याला घेऊन उभे. तळाशी रस उरलेला. झाडाखालची माती दारातून दिसत होती. ते एकदा दाराकडे, एकदा त्या दोघींकडे बघत राहिले. मग त्यांनी प्याला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. स्वतःचं बोलणं त्यांना बहुधा तेव्हा ऐकू आलं.

घरी सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या होत्या. "आता तूही चुलीला शिवायचं नाहीस. आणि छकुलीलाही नाही."

"छकुलीला मी शिवणार," वहिनी म्हणाली. "मीच जन्म दिलाय तिला. आणि चुलीचं म्हणाल, तर मागच्या खोलीत मी दुसरी मांडते. वन्सं कुठंही जाणार नाहीत. त्यांना घालवायचं असेल तर तुमच्या मुलाला तीन माणसांची सोय करायला सांगा."

घड्याळजी मधल्या दारात उभा. आईकडे बघू की बायकोकडे, त्याला समजेना. शेवटी तो दुकानात जाऊन बसला. रविवार होता, दुकान बंद होतं, तरी बसला.

वहिनीनं मागच्या खोलीतली ट्रंक उघडली आणि वन्संचे कपडे परत दांडीवर टाकले. पुढे कितीतरी महिने त्या घरात दोन चुली होत्या.

पाळकांची वर्षभरात दुसरीकडे बदली झाली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीच वर तक्रार केली होती. जाताना ते अडगळीच्या खोलीत येऊन बसले आणि वन्संच्या हातचा चहा प्यायले. कंपाउंडरणीच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मुलाकडच्यांनी प्याल्याबद्दल अवाक्षरही विचारलं नव्हतं. कंपाउंडरीण पुढेही प्रत्येक चांगल्या उपदेशाला रडत राहिली.

घड्याळजी पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी आपलं ताट घेऊन मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, "सरका जरा." त्यानंतर तो तिथंच जेवला. काही गिऱ्हाइकं तुटली, काही परतली. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत लेकीच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यात वन्सं दाराच्या चौकटीला टेकून रात्रंदिवस बसून होत्या. आत ये, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. आई गेल्यावर वन्संनी तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "जन्मभर ऐकलं, पण तिच्या कानांवरूनच गेलं गं सगळं. तिचा काय दोष? आणि दोष नाही असं तरी कसं म्हणू?"

वन्सं त्या घरात म्हाताऱ्या होऊन गेल्या. छकुली त्यांच्याच मांडीवर मोठी झाली. आज ती स्वतः आजी आहे. तिला काहीही झालं नाही.

आरोग्यधामात त्या वर्षी बऱ्या होऊनही कुणी न्यायला न आल्यानं राहिलेल्या आणखी बायका होत्या. वन्सं दर महिन्याला त्यांना भेटायला जात, वहिनीही जाई. त्यांतली एक, जिला कुणीच नव्हतं, ती वहिनीनं घरी आणली आणि मागच्या खोलीत आणखी एक खाट पडली. तिसऱ्या खाटेला जागा नव्हती. बाकीच्या रोज फाटकाजवळच्या कट्ट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसायच्या. त्यांना घरं होती. भाऊ होते, वहिन्या होत्या, आया होत्या. आणि त्यांच्याही घरची माणसं दर रविवारी, कुठल्या ना कुठल्या बाकावर बसून, ऐकतच होती.