सात ताडांचा अर्ज

या मंडळी, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. आपल्याच कुंभकोणातली, इंग्रज सरकारनं ताडीच्या झाडांवर कर बसवला तेव्हाची.

हनुमंतराव कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. इथले लोक मानानं त्यांना रायर म्हणत. एकादशी न चुकवणारे, कीर्तनाला सगळ्यांच्या पुढे. एका सकाळी जवळच्या इन्नंबूर गावची गोमती आली. तिचे सात ताड. भाऊ रस उतरवी, ती ताडी विकी.

"रायरे, मक्तेदाराची तीनशे झाडं, माझी सात. झाडामागं कर मात्र तोच! पावसात तर झाडं आटतात. आम्हा लहानांना थोडी सूट मागा सरकारकडं."

"ताडीसाठी अर्ज? ह्या हातानं मी अभंग उतरून घेतो, बाई."

"मग हात धुऊन या. थांबते मी."

हनुमंतरावांना हसू आलं. बाईचं म्हणणं रास्त होतं. लिहायला बसले, पण 'ताडी'पाशी बोरू अडला. मडक्याला आतून चुना फासला की रस आंबत नाही, गोड राहतो. त्याला कर नव्हता. त्यांनी लिहून टाकलं, अर्जदार फक्त गोड रस काढते. आपली लेखणी सोवळी राहिली, शिवाय बाईचंही काम झालं! गोमतीला वाचता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला.

कर माफ झाला. महिन्याभरात अबकारीच्या लोकांनी मडकी उतरवून पाहिली. चुन्याचा पत्ता नाही! खोटा अर्ज म्हणून तिचा परवानाच जायची वेळ आली.

गोमती ओरडली नाही. "रायरे, मी ताडी विकते हे साऱ्या गावाला ठाऊक. लाज तुम्हाला वाटली, झाडं माझी चालली."

पूजेला बसले तरी हनुमंतरावांचं मन ठरेना. आपण पाप टाळलं म्हणायचं, की दुसरीच्या डोक्यावर ठेवलं? सकाळी ते भर कचेरीत तहसीलदारापुढे उभे राहिले.

"खोटं मी लिहिलं. ही बाई ताडी विकते. चांगली आंबलेली ताडी."

"रायरांना चव बरी ठाऊक!" मागून कुणीतरी म्हणालं.

हनुमंतराव वळले नाहीत. "ती सूट मागते ती लहान म्हणून. तेवढंच मी लिहायला हवं होतं."

वर्षभर त्यांना कचेरीच्या आवारात बसायची बंदी झाली. गोमतीचा परवाना राहिला. नवा अर्ज त्यांनी तिच्या ताडांखाली बसून लिहिला, अंगठ्याआधी मोठ्यानं वाचून दाखवला. पावसाच्या महिन्यांचा कर माफ झाला.

देवापुढे हात जोडाल तेव्हा, मंडळी, ह्या गोमतीची आठवण असू द्या. हनुमंतरावांची नसली तरी चालेल. ते स्वतःच तसं सांगून गेलेत.