गाडी आणि दोन कोपरं

मी वाट बोलतेय. रस्ता नव्हे हो. रस्त्याला नाव असतं, पाटी असते, दिवे असतात. मी आपली नुसती वाट. मोठ्या रस्त्यावरून आत वळलात की एक बैठं घर लागतं. त्याच्या भिंतीला खेटून मी निघते, दोन्ही अंगांना झाडं घेऊन सरळ जाते आणि मागच्या रोपवाटिकेच्या कुंड्यांत संपते. या टोकाने हाक मारली तर त्या टोकाला ओ मिळते, एवढीच माझी लांबी. पण एवढ्याशा लांबीसाठी माणसं कोर्टाची पायरी चढली, म्हणून सांगते. बसा. कडेला बसा हं, मध्ये नको. जायला-यायला लागतं.

माझा जन्म काही कुदळ-फावड्याने झाला नाही. ही सगळी जमीन आधी एकाच माणसाची होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. जमीन लांबुळकी. पुढे रस्ता, मागे खोल ओढा, एका बाजूला गोदामाची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला दगडाची जुनी खाण. दिवसभर घड्याळाच्या पोटात डोळा घालून बसणाऱ्या माणसाला एवढी जागा काय करायची? त्याने मागचा अर्धा तुकडा एका रोपवाल्याला विकला. दोघं मागे जागा बघायला गेले आणि परत येताना रोपवाल्याला शंका आली.

"घड्याळजी, आम्ही जायचं-यायचं कुठून?"

"इथूनच की. उडत जाणार आहेस का?"

दोघं हसले आणि तसेच हसत पुढे चालत आले. गवत दबलं ते त्यांच्या पायांखाली. तीच मी.

आता गंमत बघा. खरेदीच्या कागदात ओढा आला, खाण आली, गोदामाची भिंत आली, मोडकी विहीरसुद्धा आली. मी तेवढी आले नाही. कोणाला सुचलंच नाही. जेवायला बसलेला माणूस घास तोंडात जाईल ना, असं कधी विचारतो का? तसंच हे. दोघं शब्दाचे पक्के. पण शब्दाचा पक्का माणूसही एक दिवस जातो आणि आपला शब्द बरोबर घेऊन जातो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

रोपवाल्याची बायको मात्र रीतभात सांभाळणारी. दुसऱ्याच्या अंगणातून रोज जायचं तर वर्षातून एकदा तरी तसं बोलून दाखवावं, हा तिचा नेम. रोपांचा हंगाम संपला की घरातलं चांगलंसं एक रोप घेऊन ती घड्याळजीच्या दारात उभी राहायची. म्हणायची, वाट दिलीत, आमची चूल पेटली, पुढच्या वर्षी येऊ ना? घड्याळजी म्हणायचा, या की. कधी तुतीचं रोप, कधी डाळिंबाचं, कधी लिंबाचं. घड्याळजी ते माझ्याच कडेला लावायचा.

लावायचा म्हणजे कसं, तर घड्याळासारखं. आधी दोरी ताणायची. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्याच्या लेकीच्या. ही लेक एवढीशी, पण जिभेला हाड नाही. बाप कामाला बसला की शेजारी बसून अखंड बडबड. घरात इतकी घड्याळं, पण सगळ्यांपेक्षा हिचाच आवाज जास्त, म्हणून तिचं नावच टिकटिक पडलं. दोरी धरायला सांगितली तरी तोंड चालूच. मुंगी दिसली, बाबा. मुंगी गेली, बाबा. रोप लावून होईपर्यंत मला मुंग्यांची सगळी खबर मिळालेली असायची.

वर्षं गेली. रोपं माणसापेक्षा उंच झाली, मग छपरापेक्षा. माझ्यावरून आधी हातगाडी जायची, पुढे टेम्पो जायला लागला. रोपवाला गेला. मागे त्याची म्हातारी, मुलगा आणि सून. मुलगा टेम्पो चालवतो, सून रोपं वाढवते आणि म्हातारी त्या दोघांना चालवते. टिकटिक मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरीला गेली. मग एका हिवाळ्यात घड्याळजीही गेला. त्याच्या खोलीतली घड्याळं किल्ली न मिळाल्याने एकेक करून थांबली. मला आतलं दिसत नाही, पण आवाज कमी होत गेलेला ऐकू आला.

टिकटिक आली ती घर विकायला. तिला ओळखायला मला वेळ लागला. पाऊल तेच, जरा बाहेर वळून पडणारं, पण तोंड मिटलेलं. दोन लेकरांची शिक्षणं, भाड्याचं घर, लांबची नोकरी. इथली जागा विकली गेली तर तिथे स्वतःचं छप्पर व्हायचं. गिऱ्हाईकही मिळालं होतं, पण त्याची एक अट. मधून लोकांची ये-जा नको, जागा मोकळी करून द्या. तिच्या वकिलाने सल्ला दिला की कागदावर वाट नाहीच, तुम्ही फक्त चालण्यापुरती फट ठेवा, म्हणजे कोणाला अडवलं असंही होत नाही.

दुसऱ्याच दिवशी माझ्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. फाटकाला कुलूप. शेजारी फट ठेवलेली, तीही अशी की जाड माणसाने आडवं होऊन जावं.

टेम्पो मागेच अडकला. आणि नेमकी त्याच हंगामात सुनेने नव्या इस्पितळाच्या आवारासाठी रोपं वाढवली होती. वर्षाची सगळी भिस्त त्यावर. मग काय, ती आणि तिचा नवरा डोक्यावर ट्रे घेऊन फटीतून आडवे होत रस्त्यापर्यंत जायचे, रिकामे यायचे, पुन्हा भरून न्यायचे. रस्त्याच्या कडेला, उन्हात ठेवलेली रोपं माना टाकायची. मी खाली पडून सगळं बघत होते. पडून असणं हाच माझा धंदा, पण तेव्हा पहिल्यांदा मला पडून राहण्याची लाज वाटली.

म्हातारी फाटकाशी जाऊन टिकटिकला हाक मारून आली. दार उघडलं नाही. मग सूनच म्हणाली, आई, आता वकील गाठू.

वकीलबाई आली ती पायीच, फटीतून, आणि तिची ओढणी फाटकाच्या तारेला अडकली. बरं झालं, तिला प्रकरण अर्धं तिथेच कळलं. मागच्या ओट्यावर बसून तिने विचारपूस सुरू केली. इतकी वर्षं जाता ते परवानगी मागून, की हक्काने?

म्हातारीला रागच आला. "न विचारता कोणाच्या दारातून जायला आम्ही काय चोर आहोत?" आणि वर ते रोपांचं सगळं सांगितलं, दरवर्षी कसं विचारायचो, कसे आभार मानायचो.

वकीलबाईने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजी, तुमच्या चांगुलपणाने घात केला. न विचारता, न लपता, हक्काच्या रुबाबात इतकी वर्षं गेला असतात, तर तेवढ्यावरच वाट तुमची झाली असती. दरवर्षी विचारलंत, म्हणजे ती दरवर्षी त्यांची मेहेरबानी ठरली.

म्हातारीने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "म्हणजे उर्मट माणसाला वाट मिळते, आणि नमस्कार करणाऱ्याला फाटक?"

वकीलबाईला हसू आलं. तिने दुसरी बाजू सांगितली. जमीन आधी एकाचीच होती. मागचा तुकडा विकणाऱ्याने स्वतःच विकला आणि त्याला बाहेर पडायला दुसरी जागाच नाही. अशा वेळी कागदात नसली तरी वाट त्या विक्रीत आलीच, असं कायदा धरतो. नुसता विहिरीचा खड्डा विकून पाणी काढायला मनाई करता येत नाही, तसं. पण भांडण होणार ते रुंदीवर. समोरचे म्हणतील, वाट आहे, पण चालण्यापुरती. गाडीपुरती होती हे दाखवावं लागेल.

झालं. सगळा खटला येऊन माझ्या कमरेवर थांबला.

कोर्टात काय काय झालं ते मला ठाऊक नाही. मी कुठे जाणार? एवढं कळलं की म्हातारीला विचारलं तेव्हा तिने परवानगीची गोष्ट लपवली नाही. उलट कोणत्या वर्षी कोणतं रोप दिलं तेही सांगत बसली. शेवटी कोर्टाने ठरवलं की जागेवर माणूस पाठवून बघू.

कोर्टाने नेमलेला मोजणीदार एका सकाळी आला. दोन्ही वकील आले, मागचं घर आलं, टिकटिकही आली. आणि माझी अवस्था काय? इतके महिने चाक फिरलेलं नाही. दोन्हीकडून गवत वाढून माझ्या अंगावर आलेलं, मध्ये उरलेली फक्त पावलांची रेघ. टिकटिकच्या वकिलाने तीच दाखवली. म्हणाला, बघा साहेब, पायवाट. आजी, खरं सांगा, हीच ना तुमची वाट? म्हातारी म्हणाली, वाट हीच, पण आजारी आहे. मोजणीदार हसला, पण टेप त्याने त्या रेघेवरच धरली.

सुनेने झाडं दाखवली. दोन ओळी, मध्ये मोकळी जागा, ती कशासाठी सोडली असेल? वकील म्हणाला, झाडं वाढायची तिथे वाढतात. मोजणीदाराने विचारलं, लावली कोणी? म्हातारी म्हणाली, रोप आमचं, खड्डा घड्याळजीचा. वकील म्हणाला, हे तुमचं म्हणणं झालं, खड्डा खणणारा आता सांगायला येणार नाही.

मला सगळं ठाऊक होतं. पण कोर्टापुढे मला जीभ नाही, हेच माझं दुखणं.

टिकटिक इतका वेळ जुन्या तुतीला टेकून उभी होती. समोर डाळिंब. तिने तुतीकडे पाहिलं, डाळिंबाकडे पाहिलं, आणि तिचा उजवा हात आपसूक पुढे आला, मूठ वळलेला. दोरी धरल्यासारखा.

"दोरी मी धरायचे," ती म्हणाली.

वकिलाने घाईघाईने सांगितलं, ताई, तुम्ही काही बोलायची गरज नाही.

"मला लहानपणी सगळ्यांनी हेच सांगून पाहिलं," ती म्हणाली, "टिकटिक म्हणायचे मला इथे." आणि मग काय विचारता. इतक्या वर्षांची थांबलेली किल्ली फिरली. बाबा आधी रोपवाल्याकाकांची हातगाडी आणून मध्ये उभी करायचे. दोरी गाडीला लावायची नाही. गाडीच्या कडेला कोपर टेकवायचं, हात उघडायचा आणि बोटांच्या टोकाशी दोरी. म्हणायचे, गाडीला दोन्हीकडे एक कोपर सुटलं पाहिजे. काटा सरकला तर वेळ चुकते, रोप सरकलं तर गाडी अडते.

म्हातारीचा मुलगा मागे गेला आणि शेडमधली जुनी हातगाडी ओढत घेऊन आला. चाकं कुरकुरत होती, तरी मला तो आवाज गोड लागला. गाडी तुती आणि डाळिंबाच्या मध्ये उभी केली. टिकटिकने कडेला कोपर टेकवलं, हात उघडला. बोटं तुतीच्या सालीला लागली. फिरून पलीकडे गेली, कोपर टेकवलं. बोटं डाळिंबाला.

मोजणीदाराने स्वतःही कोपर लावून पाहिलं, मग टेप काढली. म्हणाला, कागदासाठी टेपच लागते, काय करणार. या खेपेला त्याने टेप झाडापासून झाडापर्यंत धरली.

टिकटिक मात्र खाली बसली. माझ्यावरच, गवतात. म्हणाली, माझं गिऱ्हाईक गेलं आता. म्हातारी गुडघे धरत तिच्या शेजारी येऊन बसली. "जाऊ दे गं. वाटेवर फाटक लावायला सांगणारा शेजारी आम्हाला तरी कुठे हवा होता?" टिकटिकला हसायचं की रडायचं कळेना, तिने दोन्ही केलं.

निकालाची वाट कोणी पाहिली नाही. दोन्ही वकिलांनी बसून तडजोड लिहिली. माणसांना, गाडीला, पुढेमागे या जागा कोणाच्याही झाल्या तरी, झाडापासून झाडापर्यंत वाट खुली. फाटक राहिलं तर राहू दे, कुलूप नाही. सगळे जाऊन त्याची नोंदणी करून आले. मी कागदावर आले. माझी लांबी, माझी रुंदी, दोन्ही अंगांची झाडं. या वयात बारसं म्हणायचं, दुसरं काय.

आणि पुढचं घर? पहिलं गिऱ्हाईक फिरलंच. पण थोड्या महिन्यांनी एक सायकल दुरुस्त करणारा आणि त्याची बायको जागा बघायला आले. मधून वाट जाते, टिकटिकने आधीच सांगून टाकलं, लपवाछपवी नको. तो म्हणाला, मग बरंच की. रोपं न्यायला लोक येणार, त्यांच्या सायकली पंक्चर होणारच. घर विकलं गेलं.

सामान हलवायच्या दिवशी म्हातारी रोप घेऊन दारात हजर. वकीलबाई तिथेच होती. तिने बजावलं, आजी, आता हक्क आहे, आता विचारायचं नाही. म्हातारी म्हणाली, विचारायला कोण आलंय? देऊन जायला आलेय. ते लिंबाचं रोप तुतीच्या पुढे, ओळीतच लागलं. दोरीचं एक टोक सुनेकडे, दुसरं टिकटिककडे. मुंगी दिसली हे मला पुन्हा एकदा कळवण्यात आलं.

आता गवत पुन्हा कडेला गेलंय. चाकांच्या दोन रेघा उमटल्यात, मध्ये हिरवी पट्टी. इस्पितळाच्या आवारातली रोपंही धरली म्हणे, तिकडून आणखी मागणी आलीय.

माझं एक ऐका. कोणी तुम्हाला हसतमुखाने वाट दिली, किंवा तुम्ही कोणाला दिलीत, तर दोघंही हसताय तोवरच लिहून ठेवा. भांडण झाल्यावर लिहायला गेलं की शाईसुद्धा कडू होते. आणि लिहून झालं तरी विचारपूस सोडू नका.

बरं, उठा आता, कडेला व्हा जरा. तुतीला चिकटून उभे राहा, घाबरू नका, कोपरभर जागा सुटते. टेम्पो येतोय.